प्रकल्प नोंदी : ‘उतरते हंस’ – वर्ख, स्प्रे आणि दोन तबकड्या

२१ सप्टेंबर २०२४

आमचं दोन फळ्यांचं चित्र, अर्धं जपानी ठसाचित्र आणि अर्धं ग्राफिटी. त्याचा विषय नक्की झाला. जपानी चित्रकार सुझुकी हारुनोबूने १७६६ च्या सुमारास ‘झाशिकी हाक्केई’ म्हणजे दिवाणखान्यातली आठ दृश्यं हा ठसाचित्रांचा संच केला. चीनमधल्या शियाव-शियांग नद्यांकाठची आठ निसर्गदृश्यं हा त्या भागातल्या चित्रकारांचा शतकानुशतकं ठरलेला विषय. हारुनोबूने तो घरात आणला. मूळ संचातलं एक दृश्य वाळूवर उतरणाऱ्या हंसांचं. त्याच्या जागी हारुनोबूने कोतो हे जपानी तंतुवाद्य ठेवलं. तेरा तारांखाली तिरक्या ओळीत लावलेल्या तेरा घोड्या म्हणजेच हंसांची उतरती रांग. या खेळाला जपानीत ‘मिताते’ म्हणतात. सगळ्यांना पाठ असलेला जुना तुकडा उचलायचा, आजच्या माणसांत बसवायचा, आणि ज्याला कळेल त्याने गालात हसायचं. सॅम्पलिंग करणारा डीजे याहून वेगळं काही करत नाही.

म्हणून आमच्या चित्रात कोतोच्या जागी दोन टर्नटेबल आणि मधे मिक्सर. हे ओढूनताणून आणलेलं नाही. ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीचं टेक्निक्स एसएल-१२०० हे १९७२ मध्ये आलं, त्याची एमके-२ आवृत्ती १९७९ ची, आणि पुढे हिपहॉपचं तेच मुख्य वाद्य झालं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्क या डीजेने ११ ऑगस्ट १९७३ ला ज्या पार्टीतून सुरुवात केली असं मानतात, त्याच सुमाराला जपानी थेट-चालीची (मोटर थेट तबकडीला जोडलेली) टर्नटेबलं अमेरिकेत पोचत होती.

हेडफोन घातलेला सामुराई पहिल्याच बैठकीत बाद. टीशर्टवर तो शोभतो.

समोर ठेवलेले दोन चित्रकार. गाजिन फुजिता, जन्म १९७२, लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्समध्ये वाढलेला, केजीबी आणि के-टू-एस या ग्राफिटी क्रूंमधून (टोळ्यांमधून) आलेला. लाकडी फळ्या, सोन्याचा वर्ख, स्प्रे, पेंट मार्कर ही त्याची सामग्री. क्रूमधली मंडळी आधी फळीवर टॅग, म्हणजे एका झटक्यात लिहिलेली सही, मारतात आणि उकियो-ए (जुन्या जपानी ठसाचित्रांच्या) धाटणीची आकृती नंतर येते. त्याच्याकडून घ्यायचा तो थरांचा क्रम. दुसरी रोझील (पूर्वीचं नाव आयोना रोझील ब्राउन), वॉशिंग्टन डीसीची, स्वतः डीजे. तिच्याकडून एक प्रश्न घ्यायचा आहे, तो त्वचेच्या रंगापाशी येईल.

२४ सप्टेंबर

एका ८ × ४ फुटी १२ मिमी बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायमधून २ × ४ फुटाच्या चार फळ्या. दोन कामाला, एक चाचण्यांना, एक राखीव. करवतीच्या पात्यात ३ मिमी जातात, त्यामुळे प्रत्येक फळी ६०.८ × १२१.८ सेंमी भरली. दोन्ही शेजारी ठेवल्यावर जवळजवळ चौरस.

मागे २ × ¾ इंची सागवानी पट्ट्यांची चौकट, स्क्रू आणि फेविकॉल दोन्ही. पाठीला पुढच्याइतकेच प्रायमरचे हात द्यायचे. फक्त पुढून रंगवलेली प्लाय एका पावसाळ्यात वाटीसारखी वळते.

जोड कुठे येतो ते आजच ठरवलं: बरोबर मिक्सरच्या क्रॉसफेडरवर (एका तबकडीच्या आवाजावरून दुसरीच्या आवाजावर नेणारी सरकपट्टी). उजव्या फळीवर एक तबकडी, डाव्या फळीवर दुसरी, आणि दोन्हींवर एकच रेकॉर्ड. हर्कची युक्ती तीच होती: एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती, ब्रेक (गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा) संपत आला की दुसरीवर उडी. जपानी घडीचा पडदा उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे वाजून झालेली बाजू उजवीकडे.

२८ सप्टेंबर

अॅक्रिलिक जेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) पाच हात, आडवा-उभा आलटून पालटून. २२०, ३२०, मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर. वर्ख इतका पातळ असतो की खालचा प्रत्येक ओरखडा झाकण्याऐवजी तो उजळून दाखवतो. हात फिरवून गुळगुळीत लागलं म्हणजे झालं असं नाही. बाजूने टॉर्च मारून बघायचं. तसं बघितल्यावर डाव्या फळीवर ब्रशच्या आठ-दहा रेघा निघाल्या. पुन्हा ४००, मग ६००.

सर्वांत वर अॅक्रिलिक माध्यमात कालवलेल्या गेरूचे दोन हात. आपला वर्ख खऱ्या सोन्याचा नाही, पितळी आहे (तांबं आणि जस्त), आणि पितळात हिरवी झाक असते. फटींतून लाल डोकावला की ती झाक मरते.

३० सप्टेंबर

वर्ख कापून आणला. बाजारात पितळी वर्ख १४ × १४ सेंमीचा मिळतो, २५ पानांची वही. जपानमधल्या कानाझावाचा सोन्याचा वर्ख १०.९ सेंमीचा असतो आणि जुन्या पडद्यांवरचे चौकोन डोळ्यांत बसलेले असतात ते साधारण त्याच मापाचे. १४ चे चौकोन मांडून पाहिले तर बाथरूमच्या टाइल्स वाटल्या. म्हणून आठ वह्या बाइंडरकडे नेऊन गिलोटिनवर १०.९ ला कापल्या. पानांमधला कागद काढायचा नाही, नाहीतर कडा एकमेकींना चिकटून बसतात. कानाझावातही ‘ताचिकिरी’ प्रकारचा वर्ख असाच कागदासकट गठ्ठ्याने कापतात. ‘एंत्सुके’ मात्र एकेक पान बांबूच्या चौकटीने.

हिशेब: ४ मिमी चढ धरून एक पान १०.५ सेंमी जागा व्यापतं. आडवे ६, उभे १२, एका फळीला ७२, दोन्हींना १४४. आणलेले २००. उरलेल्या ३ सेंमीच्या पट्ट्या डब्यात, त्यांचं काम पुढे आहे.

४ ऑक्टोबर

चाचणीच्या फळीवर गोल्ड साइजचे (वर्ख चिकटवायचा पातळ गोंद, पाण्यातला) तीन पट्टे. परतीचा पाऊस, खोलीत आर्द्रता ८२ टक्के. डब्यावर ‘१५ ते ३० मिनिटांत चिकट’ लिहिलंय. आज ५५ मिनिटं लागली.

पहिला पट्टा दुधी असतानाच वर्ख टाकला. वर्ख बुडाला, सुरकुतला. दुसऱ्या दिवशी (ही ओळ ५ तारखेची) तिथे करडे डाग. अडकलेल्या पाण्याने पितळ काळवंडतं. दुसऱ्यावर पूर्ण पारदर्शक झाल्यावर वर्ख टाकला: आरशासारखा. तिसऱ्यावर साइज रोलरने लावलं होतं, त्याचे बुडबुडे टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांच्या रूपात वर्खात उतरले. तेव्हा तीन इंची मऊ ब्रश, एकाच दिशेने, आणि परत त्या जागी हात न्यायचा नाही.

आणखी एक गोष्ट कळली, आणि ती महत्त्वाची. खरा सोन्याचा वर्ख मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो, त्यातून उजेड आरपार जातो. म्हणून दोन पानं जिथे एकमेकांवर चढतात तिथे गडद रेघ दिसते. तिला ‘हाकु-आशी’, वर्खाचे पाय, म्हणतात. जपानी सोनेरी पार्श्वभूमी जिवंत वाटते ती या जाळीमुळे. पितळी वर्ख जाड आणि अपारदर्शक; चढलेला भाग खालच्या वर्खाला चिकटतच नाही, ब्रश फिरवला की झडून जातो आणि जाळी गायब. उपाय: आधीच्या पानाच्या कडेवर ४ मिमी रुंद साइजची रेघ ओढायची, ती चिकट झाली की पुढचं पान. वेळ तिप्पट. करायचं.

१० ऑक्टोबर

वर्ख चढवणं, उजवी फळी. आर्द्रता ६४. साइज सकाळी ९.१०, चिकट ९.४०. बोटाचं मागचं पेर टेकवून उचललं की ‘टक्’ असा आवाज येतो. तो आला की सुरू. पंखा बंद, खिडकी बंद, शिंक बाहेर जाऊन.

जाळीच्या रेघा लाल पेन्सिलने. सुतारी दोरीने खडू मारायचा मोह आवरा, खडूची भुकटी साइजवर बसते आणि तिथे वर्ख धरत नाही.

७२ पानांना साडेपाच तास. नऊ पानं फाटली. फाटलेल्या जागी तुकडे आजच लावले. साइज अजून जिवंत आहे तोवर काम होतं.

११ ऑक्टोबर

डावी फळी. चार तास चाळीस मिनिटं. चार फाटली.

१५ ऑक्टोबर

संरक्षक थर. इथे एक आठवडा चाचण्यांत गेला आणि तो वाचवता आला नसता.

चपडा (लाख) स्पिरिटमध्ये (लिटरला २४० ग्रॅम, मेण काढलेला): पितळाला उत्तम, पण त्यावर स्पिरिटच्या शाईचा मार्कर फिरवला की चपडा विरघळून मार्करच्या टोकाला येतो आणि मागे चिखल. पाण्यातलं अॅक्रिलिक वॉर्निश थेट पितळावर: वाळलं छान, सहाव्या दिवशी कडेला हिरवट छटा. स्प्रेमधलं सॉल्व्हंटवालं क्लिअर: वर रंगाचा जाड हात पडला की ते पुन्हा मऊ होतं आणि वर्खाला सुरकुत्या.

शेवटी दोन्ही. खाली चपड्याचे दोन पातळ हात, म्हणजे धातूला पाणी लागत नाही. दोन दिवसांनी वर पाण्यातल्या मॅट अॅक्रिलिकचे दोन हात, म्हणजे मार्करला चपडा लागत नाही. मॅट यासाठी की चकचकीत वॉर्निशवर पुढचा रंग घसरतो, पानावरच्या पाण्यासारखा गोळा होतो. चमक थोडी गेली. शेवटच्या हाताला परत येईल.

मार्कर मात्र पाण्यातल्या रंगाचेच, पोस्का. जपानच्या मित्सुबिशी पेन्सिलचं १९८३ चं उत्पादन, आणि आज ग्राफिटी करणाऱ्यांच्या पिशवीत हमखास सापडणारं. ८ मिमी आणि १५ मिमी टोकाचे दोन-दोन.

१९ ऑक्टोबर

रेखाटन, पूर्ण मापाच्या कागदावर. टर्नटेबलचा फोटो समोर ठेवून काढलं आणि बसवलं, तर बाई अठराव्या शतकात आणि यंत्र दुकानाच्या कॅटलॉगमध्ये. कारण फोटोत रेषा दूर जाताना एकत्र येतात. हारुनोबूच्या खोलीत त्या येत नाहीत: चटईची कड, सरकदाराची चौकट, कोतोची लांबी, सगळं समांतर तिरकं धावतं.

फोटो फेकला. सगळ्या कडा ३० अंशांत, समांतर. तबकडीचं वर्तुळ अशा रचनेत ३५ अंशी लंबवर्तुळ होतं: लांबी ३० सेंमी तर रुंदी १७.३. (गुणक ०.५७७, भिंतीवर लिहून ठेवला.) मधलं लेबल १० × ५.८. एवढं केलं आणि यंत्र जाऊन त्या चटईवर बसलं.

मिक्सरवर कोतोच्या तेरा घोड्या हव्यात. दोन चॅनलचा साधा मिक्सर घेतला: इक्वलायझरची (जाड-बारीक आवाज कमीजास्त करणारी) सहा बटणं, गेनची दोन, चॅनल फेडर दोन, क्रॉसफेडर एक, हेडफोन एक, मास्टर एक. तेरा. ओढूनताणून नाही, मोजून तेरा! ते उजवीकडून डावीकडे उतरत्या ओळीत मांडले. तबकडीच्या कडेला वेग पाहण्यासाठी ठिपक्यांच्या चार ओळी असतात, त्या दूरच्या हंसांसारख्या आपोआप वाचल्या जातात. तिथे काहीच बदल नाही.

२३ ऑक्टोबर

अक्षरं. रोमन अक्षरांतलं वाइल्डस्टाइल (एकमेकांत गुंतलेली ग्राफिटी अक्षरं) करायचं तर ते न्यूयॉर्कच्या नकलेची नक्कल. हे चित्र मराठी हातांनी होतंय, म्हणून पार्श्वभूमीचे टॅग मोडीत आणि मोठं पीस (ग्राफिटीतलं मुख्य, रंगवलेलं अक्षरकाम) देवनागरीत: ‘हंस’.

मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारून घेतात आणि अक्षरं तिला टांगतात, हात शक्यतो न उचलता. टॅगचंही तसंच आहे, वेग आणि न तुटणारा हात. देवनागरी पिसात शिरोरेषेची अडचण होते. ती सगळ्या अक्षरांना एका दांडीला बांधते आणि वाइल्डस्टाइलला हवी असते ती गुंतागुंत होऊ देत नाही. शिरोरेषा मधे तोडून तिचं एक टोक ‘स’च्या पोटातून खाली काढलं, बाण केला. सहा मसुदे. चौथा सर्वांत वाचनीय होता, सहावा निवडला.

२६ ऑक्टोबर

स्प्रेचा दिवस. ४०० मिलीचे डबे: काळा दोन, विटकरी एक, फिका हिरवा दोन, पांढरा एक. कापडी मास्कचा उपयोग शून्य. सेंद्रिय वाफा आणि धूलिकण दोन्ही अडवणारा कार्ट्रिजचा मास्क. डबा दोन मिनिटं हलवायचा, घड्याळ लावून.

फॅट कॅप (रुंद फवाऱ्याची तोंडं) आणलेल्या बसल्याच नाहीत. काही डब्यांना नळी वर आलेली असते, काहींना खळगा. कॅप त्याच जातीची लागते. डबा घेतानाच बघा.

पहिल्या पाच मिनिटांत ओघळ. विटेच्या भिंतीवर जो हात बरोबर, तो इथे हळू पडतो, कारण भिंत रंग पिते आणि वॉर्निश पीत नाही. ६०० चा पेपर हलका फिरवून घेतला, हात दुप्पट वेगात, दोन पातळ फेऱ्या, मधे पाच मिनिटं. अंतर १५–२० सेंमी. बारीक कडेला स्किनी कॅप आणि ४ सेंमी. तीन ओघळ ठेवले. बाकीचे ओले असतानाच पुसले.

मोठा तोटा ओव्हरस्प्रेचा. रंगाची कोरडी धूळ वर्खावर बसली की सोनं पिठूळ दिसतं. झाकायला कागद आणि कमी चिकट टेप, तीही आधी पँटवर दोनदा चिकटवून मारलेली. तरी डाव्या फळीवर टेपने तीन ठिकाणी वर्ख उचलला, चपड्यासकट. खाली बघितलं तर साइज तिथे आधीच वाळून गेलं होतं, ११ तारखेच्या शेवटच्या रांगेत. डब्यातल्या पट्ट्यांनी ठिगळं.

उरलेल्या पट्ट्यांचा दुसरा उपयोग: ‘सुनागो’, वर्खाची भुरभुर. जपानी कारागीर जाळी लावलेली बांबूची नळी वापरतात. आम्ही चहाची गाळणी आणि राठ ब्रश. साइजचा पातळ हात, वरून गाळणी, सोनेरी धुकं. अक्षरांचे खालचे पाय त्या धुक्यात बुडवले. पडद्यांवर ढग नको त्या गोष्टी झाकतात, इथे धुक्याने एक वाकडा ओघळही झाकला.

२७ ऑक्टोबर ते ७ नोव्हेंबर

दिवाळी, काम बंद. स्प्रेला पक्कं व्हायला बारा दिवस मिळाले, ते हवेच होते.

८ नोव्हेंबर

स्टेन्सिल. पहिला जाड कार्ट्रिज कागदाचा कापला आणि तो दोन दिवसांत ७० सेंमीला २ मिमी वाढला. नंतरचे आठही १२५ मायक्रॉन पॉलिस्टर फिल्मचे.

स्टेन्सिल हे रस्त्यावरून आलेलं तंत्र आहे असं सरसकट समजतात. जपानमध्ये किमोनो रंगवायच्या ‘कातागामी’ची परंपरा शतकांची आहे: हातकागदाचे थर पर्सिमनच्या कच्च्या फळांच्या रसाने जोडून त्यात नक्षी कापायची. मिए प्रांतातल्या सुझुका भागातलं इसे कातागामी प्रसिद्ध. तुटक भाग जागेवर राहावेत म्हणून वर रेशमी जाळी बसवतात. किमोनोवरच्या हंसांच्या नक्षीला आम्ही तेच केलं, रेशमाऐवजी ऑर्गंझाचं कापड. रंग पातळ असेल तर जाळीखालून पसरतो, घट्ट असेल तर जाळी बुजते; दह्याच्या घोळाएवढा हवा. स्पंजने टिपायचा, घासायचा नाही.

आठ स्टेन्सिल एकावर एक अचूक बसवायला ‘केंतो’. ठसाचित्रांच्या लाकडी ठशावर कागद टेकवायला दोन खाचा असतात, उजव्या खालच्या कोपऱ्यात काटकोनी आणि त्याच कडेला डावीकडे सरळ. फळीच्या चौकटीवर प्लास्टिकच्या पट्टीचे तसेच दोन थांबे स्क्रूने बसवले. फिल्म खाली सरकवायची, उजवीकडे टेकवायची, झालं. फरक अर्ध्या मिमीच्या आत. टेप, पिना, पेन्सिलच्या फुल्या यांपेक्षा ही अडीचशे वर्षं जुनी खाच सरस निघाली.

१२ नोव्हेंबर

आकृतीच्या कडेच्या आतली सगळी जागा आधी पांढऱ्याने भरली, दोन हात. त्याआधी स्प्रेच्या अक्षरांच्या कडा ६०० ने मारल्या. नाहीतर सपाट रंगाखालून त्या शिरेसारख्या वर दिसतात. गालावरून ‘ह’ची कड जात होती.

रंग. १७६५ पासून पूर्ण रंगीत ठसाचित्रं, ‘निशिकी-ए’, सुरू झाली आणि हारुनोबू त्यांचा पहिला मोठा चित्रकार. आज त्याची चित्रं मातकट-पिवळसर दिसतात कारण निळा अनेकदा त्सुयुकुसाच्या फुलांचा, तो उडून जातो. प्रशियन निळा म्हणजे होकुसाई या चित्रकाराच्या प्रसिद्ध लाटेचा निळा. तो १८३० च्या आसपासचा, इथे तो चुकीच्या काळातला. तरीही बाहीच्या टोकाला तो वापरला, कारण वर्खावर मातकट निळा करडा होऊन मरतो. हे चित्र आहे, पुराव्याचा कागद नाही.

बाहीवरचा ‘बोकाशी’ (गडदातून फिक्यात जाणारा रंग) स्प्रेने: फळी ३० अंश कलती, पुठ्ठा पृष्ठभागापासून ५ सेंमी वर धरून कडेवरून फवारा. फळी पूर्ण आडवी ठेवू नका. डबा फार कलंडला की आतल्या नळीत रंगाऐवजी वायू येतो आणि डबा थुंकतो.

१६ नोव्हेंबर

त्वचा. ठसाचित्रात त्वचेला सहसा रंगच नसतो, कोरा कागद आणि भोवती रेघ. आमच्याकडे कागद नाही. पांढरी ठेवली तर तोही एक रंगच, आणि निवड.

इथे रोझीलचा प्रश्न येतो. १९९० च्या दशकात टोकियोत ‘गांगुरो’ची लाट आली: तरुण मुली चेहरा गडद तपकिरी करत, केस फिके. तिच्या चित्रांत उकियो-ए धाटणीच्या बायकांच्या चेहऱ्यावर तपकिरी थर चढलेला, केस अफ्रो किंवा बारीक वेण्या, आणि बघणाऱ्याला विचारलेलं: हे प्रेम आहे, नक्कल आहे की मुखवटा? अमेरिकेत गोऱ्या नटांनी तोंड काळं रंगवून काळ्या लोकांची टवाळी केलेल्या खेळांचा इतिहास माहीत असलेल्याला हे चित्र हसत हसत बघता येत नाही.

आम्ही मुखवटा करणार नाही, म्हणून चेहरा, मान, हात, पाऊल सगळीकडे एकच सपाट गव्हाळ-तपकिरी, केसांच्या कडेपर्यंत. छाया नाही. यातून एक तांत्रिक अडचण आली: त्या रंगावर काळी रेघ कर्कश दिसते. चेहऱ्याची रेघ काळ्याऐवजी गेरू आणि काळा मिसळून, तीन भागांना एक. लगेच चेहरा शांत झाला.

२० नोव्हेंबर

रेघ. मूळ चित्र ‘चुबान’ मापाचं, सुमारे २८ × २१ सेंमी. आमची बसलेली आकृती ८० सेंमी. रेघ त्याच प्रमाणात वाढवली तर २ मिमी येते. २.५ मिमीच्या पोस्काने ओढून पाहिली: व्यंगचित्र. मार्करची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची. ब्रशने काढलेली आणि मग लाकडात कोरलेली रेघ टेकताना भरते, वळणावर बारीक होते, सुटताना निमुळती.

तेव्हा अक्षरांची कड स्किनी कॅपची, एकसारखी. आकृतीची रेघ ‘मेन्सो’ ब्रशची (लांब, बारीक, चेहऱ्याच्या कामाचा). दोन्ही रेघा वेगळ्याच राहू द्यायच्या. त्यांना एकसारखं करण्याची खटपट केली की दोन्ही परंपरा पातळ होतात. या प्रकारची कितीतरी चित्रं नेमकी तिथेच फसलेली दिसतात.

कानशिलावरचे केस सर्वांत अवघड. ठसाचित्रांत ते कोरायचं काम सर्वांत ज्येष्ठ कोरक्याकडे असे. अॅक्रिलिक इंक, थेंबभर रिटार्डर (रंग वाळणं लांबवणारं द्रव्य), मनगट टेकवायला फळीवर आडवी काठी. एका बाजूला ६० केस. बाराव्यानंतर ब्रश पुन्हा टोकदार करायचा, नाहीतर तेरावा केस जाड येतो.

२४ नोव्हेंबर

कॉलरवर ‘काराझुरी’, शाईविना उमटवलेली उठावाची नक्षी, हारुनोबूची आवडती. फळीवर उठाव दाबता येत नाही. चकचकीत जेलची बारीक रेघ मॅट पांढऱ्यावर. समोरून दिसत नाही, बाजूने चालत गेलं की दिसते. तसंच हवं होतं.

२८ नोव्हेंबर

रेकॉर्डच्या खाचा. वर्खावर काळा रंग आणि तो ओला-कोरडा असताना खरवडून सोनेरी रेघा. (स्क्रॅचच म्हणायचं.)

लंबवर्तुळासाठी दोन खिळे आणि दोरा ही शाळेतली रीत: नाभींमध्ये २४.५ सेंमी, दोऱ्याचा फास ५४.५. बाहेरची कड सुरेख आली. मग त्याच खिळ्यांवर दोरा लहान करत आतल्या खाचा काढल्या आणि रेकॉर्ड चपाती लाटल्यासारखी चपटी होत गेली. चूक भूमितीची. नाभी त्याच ठेवल्या तर आतली लंबवर्तुळं अधिकाधिक चपटी होतात: २६ सेंमी लांबीला रुंदी ८.७ येते, हवी १५. प्रत्येक खाचेला खिळ्यांची जागा वेगळी लागते. ते करत बसण्यापेक्षा लेझर कटिंगवाल्याकडून ३ मिमी अॅक्रिलिकची नऊ लंबवर्तुळं, सगळी ०.५७७ ची, कापून आणली.

काळा पुन्हा लावला, रिटार्डर घालून. २० मिनिटांनी खरवडायला घेतलं तर रंग चामड्यासारखा, तार निघते. १० मिनिटांना गाळ होतो, ४५ नंतर कपचे उडतात. सुई वापरली तर ती वॉर्निश फाडून वर्खात शिरते, रिकामं ०.७ चं बॉलपेन सर्वोत्तम, गोळी फिरते आणि खाली ओरखडा पडत नाही. दोन्ही रेकॉर्डवर खाचा सारख्याच, एकोणतीस. नऊ साच्यांच्या मधल्या जागा साचा सरकवून भरल्या.

३ डिसेंबर

सही. ठसाचित्रात चित्रकाराचं नाव, प्रकाशकाची खूण, तपासनिसाचा शिक्का, हे सगळं चित्रातच मोकळेपणाने बसलेलं असतं. ग्राफिटीत तर नाव हेच चित्र. डाव्या कडेला उभा लाल चौकोन, त्यात मोडीत काम करणाऱ्या तिघांचे टॅग. मोडी उभी लिहायची लिपी नाही, शब्द एकाखाली एक ठेवले.

८ डिसेंबर

शेवटचं वॉर्निश, अर्धचकचकीत, दोन हात. आकृतीवर मॅट राखलं, ब्रशने कापून. सोनं परत उजळलं आणि त्यापुढे आकृती कागदासारखी सपाट राहिली.

जोडाला पियानो बिजागरी (सलग लांब पट्टीची), मागून. खऱ्या ‘ब्योबु’ पडद्यात कागदाची बिजागरी असते, पडदा दोन्हीकडे मिटतो आणि फळ्यांमध्ये फट राहत नाही. आमच्यात २ मिमी फट आहे, बरोबर क्रॉसफेडरमधून जाते.

१६ फेब्रुवारी २०२५

दहा आठवड्यांनी पाहणी. वर्ख सगळीकडे जसाच्या तसा, फक्त उजव्या फळीच्या जोडाकडच्या कडेला, वरून तिसऱ्या स्क्रूपाशी, तांदळाएवढा हिरवा ठिपका. बिजागरीचं भोक पाडताना ड्रिल तिरकं जाऊन पुढच्या कडेला टोक निघालं होतं आणि चपड्याचा थर तिथे तुटला. ठिपका खरवडून, स्पिरिटने पुसून, चपड्याचे दोन थेंब. इतर सगळ्या भोकांच्या कडांनाही आजच एकेक थेंब दिला. पुढची पाहणी जूनमध्ये, पावसाच्या आधी.